सामायिकाच्या दोन घटिका आणि तो हिमउतार

रविवार, सायंकाळ: समोरच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका असल्याची लेखी सूचना हिमाचलातील आमच्या निवासावर पोहोचली. ती दडपली सहलीच्या आयोजकांनी, ते साताऱ्याचे.

सोमवार, पहाट: ‘माहितीपत्रकात छापलेली चढाई आजच व्हावी, अन्यथा ग्राहक मंचाकडे दाद मागेन’ असे पत्र आयोजकांना देण्यात आले. ते लिहिले मी.

मी विश्रामबागेत राहतो. न्यायालयात कारकुनी करण्यात आयुष्य गेले. छापलेला शब्द पाळला गेलाच पाहिजे, हा माझा हट्ट. आमच्या जैन घरात देवाकडे काही मागण्याची रीत नाही. तरीही त्या सोमवारी जे मिळाले त्याला काय म्हणावे, हे मला आजही सांगता येत नाही.

माझी कन्या सुवर्णा महाविद्यालयात शिकवते. स्की लावून मोकळ्या उतारावर चढायचे आणि घसरत उतरायचे, हे तिने रीतसर शिकून घेतले आहे; ही चढाई तिचीच होती. तीन दिवस बर्फ पडत राहिला. सोमवार हा सहलीचा शेवटचा दिवस होता आणि ऊन पडले होते.

निवासाचा स्वयंपाकी बिरू हा जतकडचा, मेंढपाळ घरातला. पुढे फौजेत त्याने कित्येक हिवाळे बर्फातल्या चौकीवर काढले. सकाळीच त्याने मागच्या उतारात फावड्याने खड्डा खणून मला बोलावले.

“आवं काका, वरचा थर बघा, पाटागत कडक हाय. खाली निस्ती सुटी साखर. माणूस चढला की समदं घसरतंय. आज न्हाई जायाचं.”

“चढाई माहितीपत्रकात लिहिली आहे,” मी म्हणालो.

“लिवल्यालं बर्फाला वाचता येतंय व्हय?”

मला राग आला. आयोजकांनी माझे पत्र वाटाड्या ठाकूर यांच्यापुढे धरले होते. ते पहाडी गृहस्थ उताराकडे पाहत राहिले.

पत्र लिहिण्यात पहाटेच्या सामायिकाची वेळ टळली होती, म्हणून मी मंडळी निघण्याआधी बसलो. सामायिक म्हणजे दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे, जागेवरून न उठता चित्त सम ठेवायचे. वडीलधारे सामायिकात असताना आमच्या घरातले कोणी प्रवासाला निघत नाही. सुवर्णा तयार होऊन पायरीवर बसून राहिली.

“ताई, चला की! ऊन चढतंय,” आयोजक ओरडले.

“अण्णांचं सामायिक होऊ द्या. घाई असेल तर तुम्ही व्हा पुढं.”

“मी?” म्हणून ते दोन पावले मागे सरले. पुढे गेले ते ठाकूर, वाट तपासून येतो म्हणून.

माझे चित्त सम नव्हते. मनात पुढच्या पत्राचा मसुदा चालला होता. तेवढ्यात धप्प असा खोल आवाज झाला, मग गडगडाट, आणि खिडक्या थरथरल्या. मी व्रत मोडून उठलो. सुवर्णा पायरीवरच होती. अंगावर बर्फाचा पांढरा भुगा. समोरचा उतार खाली आला होता आणि ठाकूर दिसत नव्हते.

बिरू फावडे घेऊन धावला, सुवर्णा बर्फाखालच्या माणसाचा ठाव लावणारे शोधयंत्र घेऊन त्याच्यामागे. मला धावता येईना. ज्या माणसाला माझ्या पत्राने तिकडे पाठवले, त्याच्यासाठी करण्यासारखे माझ्या हाती काहीच नव्हते. मी णमोकार मंत्र म्हणत उभा राहिलो. आयुष्यात प्रथमच मनात एकही मागणी शब्दांत उभी राहिली नाही.

“घावला!” बिरूची हाक आली. “श्वास हाय!”

रुग्णालयाचा क्रमांक शोधताना आयोजकांनी खिशातून कागदांचा गठ्ठा काढला. त्यात ती सूचना होती. मी ती वाचली.

ठाकूर वाचले. मी त्यांच्या पायांना हात लावला आणि माझा गुन्हा त्यांना सांगितला. मुलगी त्या वेळी पायरीवर का होती, याची चिकित्सा मी करणार नाही. इतकेच कळले की आपला हक्क हातातून सुटतो, तेव्हाच हात जोडता येतात.

पण क्षमा मागणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. माझा दोष मी येथे उघडपणे मान्य केला आहे. आता आयोजकांनी सांगावे: ती सूचना रात्रभर खिशात का ठेवली? मला खाजगी पत्र पाठवू नये. उत्तर चारचौघांत, ठाकूर यांच्यासमोर उभे राहून द्यावे.