मेझ्झासाल्मा आडनावाचा ड्रायव्हर

सिन्योरा ओर्नेल्ला मिलानमध्ये शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी पार दक्षिणेतल्या शिक्ली गावात घर घेतलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात जिन्यावरून घसरून पाय मोडून घेतला. अँब्युलन्स घेऊन गेला गुल्येल्मो. त्याने बाईंना स्ट्रेचरवर नीट झोपवलं, पट्टे आवळले आणि धीराचे दोन शब्द बोलायला तो खाली वाकला. बाईंनी चष्मा सावरून त्याच्या छातीवरचा बिल्ला वाचला.

"मेझ्झासाल्मा," त्या म्हणाल्या. "म्हणजे अर्धं प्रेत."

"आडनाव आहे, सिन्योरा."

"ते कळलं मला. पण मी अजून अख्खी आहे. दुसरी गाडी बोलवा."

दुसरी गाडी मोदिकाहून यायची, म्हणजे बाई तोवर कण्हत पडणार. गुल्येल्मोने बिल्ला काढून खिशात टाकला आणि म्हणाला, "आता मी नुसता गुल्येल्मो. चालेल?" बाई कशाबशा तयार झाल्या. पण दर वळणावर त्यांनी एकच विचारलं, आजवर तुमच्या गाडीत वाटेत कोण कोण गेलं?

"पूर्ण असं कोणीच नाही," गुल्येल्मो म्हणाला, आणि बाईंनी उरलेला रस्ता डोळे मिटून काढला.

हा किस्सा त्याच संध्याकाळी चौकातल्या बारमध्ये त्याने स्वतःच सांगितला, बाईंचा आणि स्वतःचा असे दोन्ही आवाज काढून. लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही त्याची जुनी सवय. ती त्याला सैन्यात लागली. शिक्लीत या आडनावाचं कोणाला काहीच वाटत नाही. पाववाला मेझ्झासाल्मा, नोटरी मेझ्झासाल्मा, कबरस्तानात तर ओळीच्या ओळी. त्याचा अर्थ काय, हे वीस वर्षांचा होईपर्यंत गुल्येल्मोच्या कानावर पडलंच नव्हतं. मग सक्तीच्या नोकरीसाठी त्याला पार उत्तरेला, कुनेओला धाडलं. पहिल्या हजेरीला सार्जंट त्याच्या नावापाशी थांबला.

"मेझ्झासाल्मा. बाकीचा अर्धा कुठाय?"

"आईकडे ठेवलाय, सार्जंट. ती सगळा सोडायला तयार नव्हती."

बराक खदखदून हसली. गुल्येल्मोही हसला. त्या रात्री मात्र तो भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि पुढे आयुष्यभर त्याने तोच विनोद निरनिराळे कपडे घालून फिरवला.

आता पन्नाशी उलटल्यावर हे आडनाव अचानक टोचायला लागलं, ते मुलीमुळे. स्वेवा बेर्गामोला लहान मुलांची डॉक्टर झाली होती. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचं अर्ध्या प्रेतावर भागतं, पण डॉक्टरच्या दारावर ही पाटी? आया जिन्यातूनच लेकरं घेऊन परत फिरतील.

"तसं म्हणाली का ती तुला?" बायकोने, मिम्माने विचारलं.

"म्हणायला कशाला हवं? मी बाप आहे तिचा."

"बाप आहेस ना, मग विचार."

गुल्येल्मोने विचारलं नाही. त्याने आपल्या आईचं आडनाव मिळावं म्हणून सरळ अर्ज केला. पोर्तेल्ली. म्हणजे लहान दारं. "दारातून निदान माणूस जिवंतपणी आत-बाहेर करतो," तो बारमध्ये म्हणाला.

अशा अर्जाची नोटीस महिनाभर नगरपालिकेच्या फळ्यावर लागते, कोणाची हरकत असेल तर त्याने घ्यावी म्हणून. शिक्लीत तो फळा कोणी वाचत नाही. वाचला फक्त बियाजोने. बियाजो मेझ्झासाल्मा हा गुल्येल्मोचा थोरला चुलतभाऊ, खरनूब नावाच्या झाडाच्या गोड शेंगांचा व्यापारी, आणि बाप गेल्यापासून साऱ्या कुळाचा आपणहून झालेला कारभारी. तो बारमध्ये आला तो कॉफी न मागताच उभा राहिला.

"हास्यास्पद," तो म्हणाला. "आपलं आडनाव हास्यास्पद आहे असं लिहून दिलंस तू."

"तसं लिहावंच लागतं, बियाजो. त्याशिवाय बदलून देत नाहीत."

"म्हणजे मी हास्यास्पद. माझा बाप हास्यास्पद."

"तुझा बाप माझा काका होता."

"मग काकाला तरी विचारायचंस. कबर काही लांब नाही." त्याने आवाज जरा खाली आणला. "अरे, प्रेत-बिरेत आत्ताच्या लोकांचं. आपल्या आजोबांना विचारलं असतंस तर ते म्हणाले असते, साल्मा म्हणजे खेचराच्या पाठीवरचं ओझं. धान्याचं माप. तेवढं बी जिच्यात पेरता येईल ती जमीनही साल्माच. आपल्या मूळ पुरुषाची अर्धा साल्मा जमीन होती, म्हणून आपण मेझ्झासाल्मा."

हे गुल्येल्मोने पहिल्यांदाच ऐकलं. क्षणभर त्याला बरंही वाटलं. पण तोंडाला लागलेली सवय आड आली.

"जमीन कशावरून? त्याचं खेचर अर्धंच ओझं उचलत असेल. बियाजो, तुझ्याकडे जमीन आली ना, तर आमच्याकडे ते खेचर आलं असणार."

बार हसला. बियाजो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हरकत नोंदवली. ती काही टिकली नाही, पण दोघांचं बोलणं तुटलं. बियाजो समोरून आला की दुकानांच्या पाट्या वाचत जायचा.

मंजुरी आली त्या रविवारी गुल्येल्मोने ऐटीत स्वेवाला फोन लावला.

"पापा, हे तुला कोणी करायला सांगितलं?"

"तुझ्यासाठीच केलं, बाळा."

"इथे दर तिसऱ्या माणसाचं आडनाव लोकातेल्ली आहे. त्यातला कुठला डॉक्टर कोण, कोणाच्या लक्षात राहत नाही. माझं नाव एकदा ऐकलं की विसरत नाहीत. पोरं तर रडायची थांबतात आणि विचारतात, तुमचा कुठला अर्धा मेलाय? मी म्हणते डावा पाय, आणि तोवर सुई टोचून होते." मग ती हळूच म्हणाली, "सज्ञान मुलांना जुनं नाव ठेवता येतं. मी ठेवते. रागावू नकोस."

"मग मी हे कोणासाठी केलं?"

"हा प्रश्न आधी विचारायचा होतास," स्वयंपाकघरातून मिम्मा म्हणाली.

आता घराच्या घंटेवर तीन नावं होती. मिम्माचं माहेरचं होतंच, सुट्टीला येणाऱ्या मुलीचं मेझ्झासाल्मा, आणि घरमालक पोर्तेल्ली. नव्या पोस्टमनने खालूनच विचारलं, भाडेकरू किती? गावाने आठवड्याच्या आत त्याचं मेझ्झोपोर्तेल्ली केलं, अर्धा पोर्तेल्ली. "एवढा खटाटोप करून प्रेत तेवढं गेलं," गुल्येल्मो बारमध्ये म्हणाला. "अर्धं राहिलंच." पण घरी जाताना त्याला वाटलं, आपल्या बुद्धीचं मापही तेवढंच असावं.

पुढच्या वर्षी, शेंगा झोडपायच्या दिवसांत, बियाजो आपल्या गोदामात पोत्यांवर कोसळला. फोन आला तेव्हा कामावर गुल्येल्मोच होता. त्याने पत्ता ऐकला आणि गाडी अशी काढली की शेजारी बसलेल्या नर्सने दांडी धरली. बियाजोचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याला गाडीत घेताना त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला ओढला.

"कोण आलंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

एरवी गुल्येल्मोला दहा उत्तरं सुचली असती. त्या वेळी एकही सुचलं नाही. त्याने मास्क परत लावला, बियाजोच्या कपाळावरची शेंगांची धूळ पुसली आणि पुढे जाऊन स्टिअरिंग धरलं.

हॉस्पिटलात दुपारनंतर डॉक्टर म्हणाले, निभावलं. पण विभागाच्या दारात नवी नर्स उभी होती.

"फक्त नातेवाईक. तुमचं आडनाव?"

"पोर्तेल्ली."

"पेशंट मेझ्झासाल्मा आहेत."

"मी त्यांचा चुलतभाऊ."

"चुलत? मग आडनाव वेगळं कसं?"

"आमचं एकच होतं. मी बदलून घेतलं."

"का?"

गुल्येल्मोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "हास्यास्पद होतं म्हणून," तो पुटपुटला.

पडद्याआडून खोल गेलेला, पण ओळखीचा आवाज आला. "सोडा त्याला आत. तो हास्यास्पद माझ्याच घरातला आहे."

गुल्येल्मो खाटेशेजारी बसला.

"वाटेत मला एकच काळजी होती," बियाजो म्हणाला.

"कसली?"

"वाचलो, तर गावात म्हणतील, मेझ्झासाल्माला पोर्तेल्लीने वाचवलं."

"नाही म्हणणार. गावात मला पोर्तेल्ली कोण म्हणतं?"

बियाजोला हसू आलं आणि पाठोपाठ यंत्र किंचाळायला लागलं. नर्स धावत आली आणि तिने गुल्येल्मोला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून तो एकटाच हसला, आणि मग रुमाल शोधू लागला.

घरी आल्यावर त्याने मिम्माला विचारलं, जुनं नाव परत मागून घ्यावं का? मिम्मा वांग्याचे काप तळत होती.

"माग की," ती मागे न वळता म्हणाली. "पण या खेपेला हरकत बियाजो घेणार नाही, मी घेईन."

गुल्येल्मोने आपलं ताट घेतलं आणि मुकाट्याने जेवायला बसला.