खात्रीसाहेबांचं निळं कार्ड

"कळवलंय ते ठीक. त्याला कळलंय का?"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते सिंगापुरात, जुरोंग आयलंडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये. मागच्या सीटवरून कोणीतरी फोनवर सांगत होतं की अमुक पाइपलाइन आज बंद आहे, कंत्राटदाराला तसं कळवलंय. पुढचे एक गृहस्थ सीटच्या पट्ट्यामुळे पूर्ण वळू शकत नव्हते, म्हणून नुसती मान वाकडी करून त्यांनी हे इंग्रजीत विचारलं, आणि मग शेजारी बसलेल्या माझं आडनाव ओळखपत्रावर वाचून तेच मराठीत मला ऐकवलं. जणू चूक माझीच होती.

ते आमच्या प्लँटचे सेफ्टी ऑफिसर. पन्नाशीच्या आतले, सडसडीत, मूळ साताऱ्याचे. आम्ही तिघंचौघं मराठी माणसं त्यांना मागून खात्रीसाहेब म्हणायचो, आणि हे त्यांना ठाऊक होतं. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आपल्या घरी आला की आधी गॅसची नळी बघतो आणि मग खुर्चीत टेकतो. आमच्या मंडळाच्या गणपतीत ते आरतीच्या तबकापासून पडदा किती लांब आहे ते नजरेनं मोजत, आणि मग टाळ्या वाजवायला लागत. मी लॅबमध्ये केमिस्ट. माझ्या लॅबच्या दारात ते सुरक्षेचा चष्मा चढवल्याशिवाय पाऊल ठेवत नसत, मग आत फक्त कॅलेंडर बदलायचं असो.

हौगांगला त्यांचा फ्लॅट. बायको एका बँकेत मोठ्या पदावर, मुलगी सेकंडरी शाळेत. ते काही समजावून सांगायला लागले की ती इथल्या ढंगात म्हणायची, "बाबा, रिलॅक्स लाह." त्यावर ते म्हणत की अपघात होतात तेव्हा सगळे रिलॅक्सच असतात.

पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज वहिनींच्या नोकरीवर केलेला होता. आधी एकदा नकार आलेला. त्यामुळे मंजुरी आली तेव्हा त्यांनी आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. श्रीखंड होतं, पुऱ्या होत्या, वहिनी हसत होत्या. खात्रीसाहेब मात्र प्रत्येकाला सांगत होते की ही नुसती मंजुरी आहे, कार्ड अजून हातात आलेलं नाही. आम्ही त्यांची चेष्टा केली. अशा बाबतीत त्यांची चेष्टा करण्यात एक प्रकारची सुरक्षितता वाटायची.

मंजुरीनंतर वैद्यकीय तपासणी करून अहवाल द्यावा लागतो, रक्त आणि छातीचा एक्स-रे. दोघांनी आपापल्या सोयीच्या दवाखान्यात ती करून घेतली. मग वहिनींचं पीआरचं निळं कार्ड आलं. खात्रीसाहेबांचं आलं नाही.

बसमध्ये कोणी विचारलं की ते म्हणत, प्रोसेस चालू आहे. आम्हालाही त्यात विशेष काही वाटलं नाही. कोणाचा बोटांचा ठसा उमटत नाही, कोणाच्या नावात वडिलांचं नाव मधे येतं, म्हणून कार्ड अडतं, हे आम्ही ऐकून होतो. पण एके सकाळी मी बसमध्ये चढले, त्यांच्या शेजारी बसले, आणि अर्धा रस्ता गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पट्टा बांधलेला नाही आणि ते काही बोललेले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. मी मात्र चरकले.

त्याच आठवड्यात वहिनींचा मला फोन आला. म्हणाल्या, ऑफिसात काही झालंय का? ह्यानं घरातल्या सगळ्या खिडक्यांचे स्क्रू बदललेत, शेजारच्या चिनी आजीबाईंच्या खिडक्यांचेही बदलून दिलेत. मुलीला मेन स्विच कुठला, पाण्याचा कॉक कुठला हे शिकवलंय. तिला बाजूला बसवून म्हणतो, आता तू मला करून दाखव. एरवीही करतो असलं काहीतरी, पण हे वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं. त्यांनी आधी ताट बाजूला सरकवलं. मग अगदी अपघाताचा अहवाल वाचावा तशा आवाजात सांगितलं की एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग आहे, मोठ्या हॉस्पिटलात पाठवलंय, तारीख मिळालीय, आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्याच आजारानं गेले होते.

"घरी?" मी विचारलं.

"सांगितलं नाही."

जन्मभर लोकांना 'त्याला कळलंय का' विचारणारा हा माणूस. ते म्हणाले, "तिचं कार्ड आत्ताच आलंय गं. थोडे दिवस तरी तिला ते मिरवू दे."

मी म्हणाले की वहिनी मिरवत नाहीयेत, मला फोन करतायत. हे ऐकून ते दचकले. त्यांच्या हिशेबात ही शक्यताच नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं, आणि हॉस्पिटलात दोघं मिळून गेले.

तिथं जे झालं ते मला वहिनींनी सांगितलं. नवीन स्कॅन झाला. डॉक्टरीण बाईंनी दवाखान्याचा जुना एक्स-रेही मागवून घेतला होता. दोन्ही चित्रं त्यांनी पडद्यावर शेजारी शेजारी लावली. मग बाईंनी विचारलं, ही खांद्याच्या हाडातली धातूची पट्टी कधीची? खात्रीसाहेब म्हणाले, कॉलेजची, स्कूटर घसरली होती. बाई म्हणाल्या, नव्या चित्रात ती आहे, जुन्यात नाही. तुमची फुप्फुसं स्वच्छ आहेत. हा जुना एक्स-रे तुमचा नाहीच.

वहिनी एकदम रडायला लागल्या आणि मग हसायला लागल्या. खात्रीसाहेबांचा चेहरा उजळेल म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर तो पांढरा पडला होता.

"मग तो कोणाचा?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ते दवाखान्यानं शोधायचं, मी त्यांना लिहितेच आहे. वहिनी म्हणाल्या, चल, घरी जाऊ. ते उठले खरे, पण टॅक्सीत बसल्यावर पट्टा न बांधता हातात धरून तसेच बसून राहिले.

खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. नवा अहवाल द्यायचा, कार्ड घ्यायचं. दवाखान्याच्या मॅनेजरनंही तेच सुचवलं. माफी मागितली, नवा अहवाल ताबडतोब पाठवतो म्हणाला, फक्त लेखी तक्रारीचं एवढं मनावर घेऊ नका. लेखी तक्रार केली की त्या दिवसाच्या सगळ्या तपासण्यांची चौकशी होणार, त्यात ह्यांचाही अहवाल अडकणार आणि कार्ड आणखी किती लांबेल ते कोणी सांगू शकणार नाही. बसमधल्या सगळ्यांचं मत पडलं की आधी कार्ड. घरी वहिनींनीही तेच सांगितलं. आधी नकार पचवलेली बाई ती. म्हणाल्या, हातात येऊ दे, मग बोल काय बोलायचं ते.

त्यावर ते जे म्हणाले ते वहिनींनी मला जसंच्या तसं सांगितलं. "मला कळलं म्हणून माझी झोप उडाली होती. त्याला कळलं नाही म्हणून तो निवांत झोपतोय. आणि रोज थोडा थोडा मरत असेल."

त्यांनी लेखी तक्रार केली. कार्ड अडलं ते अडलंच. आमच्यातल्या काहींना हा आडमुठेपणा वाटला. एकजण तर म्हणाला की ह्यांना सेफ्टीचा आजार आहे.

ते मधून मधून दवाखान्यात जाऊन विचारत. दरवेळी एकच उत्तर, संबंधित पेशंटला कळवलं आहे. आणि दरवेळी ह्यांचा तोच प्रश्न. नाव सांगू नका, म्हणायचे, पण त्याचं उत्तर आलं का एवढं सांगा. शेवटी एकदा काउंटरवरच्या मुलीनं इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अंकल, तो मायदेशी परत गेला. फोन लागत नाही."

त्या दुपारी ते माझ्या लॅबमध्ये आले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले की मला वाटतं तो कोण ते मला माहीत आहे.

त्या सकाळी दवाखान्यात एक्स-रेसाठी त्यांच्या आधी एक तरुण बसला होता, कंत्राटदाराकडच्या कामगारांच्या निळ्या, अंगभर कव्हरॉलमधला. त्याच्या बोटाला पट्टी होती. आता पट्टी बांधलेलं बोट समोर असताना आमचे साहेब गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी विचारपूस केली, तेव्हा कळलं की ग्राइंडरच्या चाकावर संरक्षक झाकण नव्हतं. मग त्यांनी त्याला भरपूर सुनावलं, नाव विचारलं, सुपरवायझर कोण ते विचारलं. त्या तरुणाला बटणं काढता येईनात, तीही ह्यांनीच काढून दिली. तो आत गेला आणि त्याच्यामागोमाग हे. सुपरवायझर ओळखीचा निघाला. त्यानं सांगितलं की काम संपलं, पोरगा गावी गेला. तंजावरकडचा होता. बायकोचा नंबर त्याच्याकडे होता.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी तमिळ. साहेबांनी तिला विनंती केली की फोन तू कर, फक्त एवढंच सांग की सिंगापूरला काढलेला एक्स-रे पुन्हा काढून घे, आजच. तिनं स्पीकरवर फोन लावला. फोन त्या पोरानंच उचलला. आनंदी, चढा आवाज. तिनं सांगितलं, आणि तो हसायला लागला. तिनं आम्हाला खुणेनं सांगितलं की त्याला हा फसवणुकीचा फोन वाटतोय. त्यानं फोन ठेवून दिला. परत लावला तर त्यानं शिवी घातली. तिसऱ्यांदा बायकोनं उचलला.

ह्या वेळी माझी सहकारी कमी बोलली आणि जास्त ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. फोन ठेवल्यावर ती इंग्रजीत म्हणाली की तो रात्रभर खोकतो, अंगातले शर्ट सैल झालेत, गावातल्या दुकानातून खोकल्याची बाटली आणतात. आणि त्यांचं बाळ त्याच्याच कुशीत झोपतं.

साहेबांनी मग तिला विचारलं, अगदी हळू आवाजात, "त्या मुलीला कळलं ना?"

ती म्हणाली, "कळलं. रडत होती. उद्या नेते म्हणाली."

क्षयच निघाला. बराच पसरलेला, पण औषधानं बरा होण्याजोगा. बाळालाही औषध सुरू करावं लागलं. हे त्या बायकोनं माझ्या सहकारिणीला फोन करून सांगितलं, आणि शेवटी विचारलं की तुमच्यात तो बटणं काढून देणारा माणूस कोण? नवऱ्याला आता तो आठवतोय. मी हे साहेबांना सांगितलं. ते हेल्मेट डोक्यावर ठेवून प्लँटवर निघून गेले.

चौकशी संपली, मग कार्डही आलं. कधी आलं ते आम्हाला वहिनींकडून कळलं, कारण ह्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. जेवण वगैरे काही झालं नाही. वहिनी म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं होतं आधी कार्ड घे. आता तिकडून आलेला त्या बाळाचा फोटो मीच फोनवर लावलाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची शहरातल्या पाया लेबारच्या ऑफिसात बदली झाली. आता ते एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, जातात. बसमध्ये त्यांच्या जागी एक चिनी मुलगा बसतो, गाडी सुटायच्या आत त्याला झोप लागते. मागे कोणीतरी कोणालातरी काहीतरी कळवल्याचं फोनवर सांगत असतं आणि पुढून कोणीही मान वाकडी करत नाही.

बदलीच्या आधीच्या शुक्रवारी मात्र ते बसमध्ये होते. त्याच आठवड्यात सुट्टी काढून भारतात जाऊन आले होते. मला वाटलं साताऱ्याला. नाही, तिरुचिरापल्लीचं विमान पकडून, तिथून बसनं त्या पोराच्या गावाला. भाषा येत नाही, बरोबर कोणी नाही. मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, बोलणार काय, मला तमिळ येत नाही आणि त्याला माझं इंग्रजी कळत नाही. दिवसभर नुसते ओट्यावर बसलो होतो.

"मग? कसा आहे?"

बस पुलावर चढली होती. दोन्ही बाजूंना समुद्र आणि त्यात उभी असलेली जहाजं. 

"माझ्यासमोर जेवला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा भात मागून घेतला त्यानं."