तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

आर्लिस ब्रेक्के माझी शेजारीण. बाई सोन्यासारखी, पण जनेल फॉसचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायला लागतं. शाळेपासूनचं दुखणं आहे ते. चर्चच्या गाण्यात पुढची जागा जनेलला. चर्चच्या बाजारात जनेलने लाटलेला लेफ्सा, म्हणजे आमची नॉर्वेची बटाट्याची पोळी, हातोहात संपणार, आर्लिसचा घरी परत येणार. मग जनेल लग्न होऊन शिकागोला गेली आणि आर्लिस सुखाने झोपू लागली. परवापरवा जनेलबाई नवऱ्याला घेऊन परत आल्या आणि थेट आमच्या पक्षात शिरल्या.

पक्ष म्हणजे आर्लिसचं माहेर. डाकोटाच्या थंडीत दारोदार पत्रकं वाटायची तिने, मिरवणुकीचा ट्रेलर सजवायचा तिने, सभा संपल्यावर खुर्च्या उचलायच्याही तिनेच. एकदा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बोर्डावर निवडून जायला मिळावं, एवढीच तिची इच्छा. तीही मला खोदून खोदून काढावी लागली.

यंदा ऑगस्टमध्ये त्याच बोर्डासाठी उभा असलेला आमचा उमेदवार लॉवेल, त्याने ऐन वेळी माघार घेतली. मुलीकडे ॲरिझोनाला जायचं म्हणे. अशा वेळी पक्षाच्या काउंटी समितीने बसून दुसरं नाव ठरवायचं आणि मुदतीच्या आत कागद कोर्टहाउसातल्या निवडणूक कचेरीत द्यायचा. नाहीतर मतपत्रिकेवर पक्षाचं कुणीच नाही. लॉवेलने कळवलं तेव्हा मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला होता. दुपारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये सगळे जमलो. आर्लिसने ठेवणीतला निळा कोट घातला होता. मनात मांडे खाऊन आली होती बाई.

अध्यक्ष ड्वेन म्हणाला, "आर्लिस, तूच उभी राहा. राहतेस ना?"

"छे, छे! माझ्यापेक्षा लायक माणसं बसलीयत की इथे."

"बघ हं. नक्की?"

"अरे, मला कुठलं जमायला ते!"

आमच्याकडे कुणी कॉफी विचारली तरी दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धाच कप" म्हणून भरलेला कप घ्यायचा. आर्लिस तिसऱ्याची वाट बघत मान खाली घालून बसली. ड्वेनलाही हे कळतं, तोही इथलाच. पण कोर्टहाउस लांब, कचेरी पाचला बंद. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि गडबडीत वळला. "जनेल, तू?"

"चालेल," जनेल म्हणाली. "सही कुठे करू?"

मग एकेक हात वर गेला. आर्लिसचाही गेला, आणि चेहऱ्यावर हसू. हातातोंडाशी आलेला घास गेला तरी हसायचं, हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात.

चिटणीस आर्लिसच, म्हणून कागद पोचवायचा तिनेच. गाडीत मी तिच्या शेजारी बसले. पुढे धान्याचा ट्रक रखडत चालला होता. समोरून एकही गाडी येत नव्हती, तरी बाई त्याच्या मागेच.

"अगं, काढ ना पुढे!"

"काढते. घाई काय आहे?"

"आर्लिस, कचेरी बंद होईल."

"होऊ दे!" तिने गाडी कडेला घेऊन थांबवली. "कुणीच नको. तीही नको. आयुष्यभर मी खुर्च्या उचलायच्या, आणि ही कालची येऊन बसणार?"

"पण तू नाही म्हणालीस ना, बाई."

"म्हणाले! तुलाही माहीत होतं का म्हणाले. एकाने तरी बोलायचं होतं. तू तरी!"

मीही हॉलमध्ये हसतच बसले होते.

"ती नुसतं 'चालेल' म्हणाली गं," आर्लिस स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाली. "लाजली नाही, काही नाही. मला जमलं असतं का तसं? त्यानेच आग होतेय माझी. जागेपेक्षा त्यानेच."

तिने नाक पुसलं, गिअर टाकला, आणि मग अशी गाडी मारली की मी देवाचं नाव घेत बसले.

कचेरीत खिडकीपाशी रांग होती, सगळी ओळखीची माणसं. कारकून बाईने कागद वाचला, शिक्का मारला आणि म्हणाली, "अगं, मला वाटलं तुझंच नाव असेल."

आर्लिस नेहमीसारखं हसायला गेली. हसू आलं नाही.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "मला हवं होतं ते."

रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या.