समुद्र तेवढा गाळा

कोकणातल्या सहलीचं नाव पहिल्यांदा काढलं ते मायनं. टीव्हीवर तिनं टेकडीवरचे राजवाडे पाहिले, त्यांच्या पलीकडं समुद्रात उतरणारे काळे कडे पाहिले आणि म्हणाली, "एकदा तिथं उभं राहायचं हाय." मायला काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच. दुसऱ्याची नजर किती टिकेल ते सांगता येत नाही, असं परभणीच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं. गंगाखेडच्या आमच्या घरात हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. म्हणूनच सहलीच्या बैठकीचा तो दिवस आठवला की मला अजून संताप येतो.

तिची लेक म्हणून मीच तिकडच्या एका गाइडशी फोनवर बोलून दिवसभराचा बेत ठरवला. सकाळी राजवाडे, मग जेवण, दिवस मावळताना कडे. मायनं नव्या चपला आणल्या, मागं पट्टा असलेल्या, दगडावर पाय घसरू नये म्हणून. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्या घरात बैठकीत गेल्याशिवाय कुठलाच बेत पक्का होत नाही, आणि बैठकीत बसतात पुरुष. बायकांना शेवटी एकच गोष्ट विचारतात, धपाटे किती लागतील.

काका म्हणाले, "एवढं लांब चाललोत तर गणपती कसा सोडायचा?" गणपती घातला. दाजींना महादेव आठवला. दादाला कुणीतरी दत्ताचं ठिकाण सांगितलं होतं, लय जागृत म्हणे. आमच्याकडं सहल ठरते तेव्हा सहल असते, एसटी स्टँडवर पोचेपर्यंत तिचं देवदर्शन झालेलं असतं. देवाशी माझं भांडण नाही. पोखर्णीच्या नरसिंहाला आम्ही वरचेवर जातो, मायसुद्धा जाते. पण हे तीन देव कुणाच्या वाटणीचा वेळ खाणार, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

दादानं स्पीकरवर गाइडला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, एवढं एका दिवसात होणार नाही, काहीतरी गाळावं लागेल.

"मग समुद्र तेवढा गाळा," दादा म्हणाला. "पाणीच तर हाय. आपल्याकडं गोदावरी हाय की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, ही सहल कुणासाठी काढली?"

"मायसाठीच की. पण तिला असं बी नीट दिसंना. कड्यावर नेऊन काय दाखवायचं?"

माय दारातच उभी होती, हाताला पीठ. तिच्यासमोर बोलला तो हे. काकांनी त्याला आवरलं नाही, दाजींनीही नाही. मी तोंड उघडणार तोच तिनं हातानं मला थांबवलं, आणि मला तिचाही राग आला. आता ही 'जाऊ द्या' म्हणणार. आयुष्यभर तेच म्हणत आली.

"देव मला डोळे मिटून बी दिसतोय," ती दादाला म्हणाली. "समुद्र न्हाई दिसत."

फोनवर गाइड हॅलो हॅलो करत होता. काकांनी घसा खाकरला आणि नेहमीचंच विचारलं, "वहिनी, मग धपाटे किती लागतील?"

"आमच्या दोघींचे मी करते, भाऊजी," माय म्हणाली. "तुमचे तुमी बघा."