चार वायसरं आणि मैंदर्गीचा रस्ता

आई "येते" म्हणाली आणि मी गाडीचं बॉनेटही न उघडता निघायचं ठरवलं. गाडीत महिनाभर धुराचा वास येत होता. एसी लावला की वाढायचा, आणि सकाळी इंजिन सुरू करताना बॉनेटखालून फुस फुस असा आवाज यायचा. हे सगळं मला माहीत होतं. पण गाडी गॅरेजला टाकली असती तर चार दिवस गेले असते, आणि चार दिवसांत आईने विचार बदलला असता. अकरा वर्षांत तो तिने निदान सहा वेळा बदलला होता.

आईचं माहेर मैंदर्गी, अक्कलकोटच्या पुढे. तिची धाकटी बहीण, महादेवी मावशी, अजून तिथेच राहते. अकरा वर्षांपूर्वी मावशीच्या मुलाच्या लग्नात आईला आहेरात जी साडी मिळाली, ती आईनेच मावशीला वास्तुशांतीला दिलेली होती. फॉल आईच्याच हातचा. आई तिथे काही बोलली नाही, पुण्याला आली आणि बहिणीशी बोलणं बंद केलं. मावशी दर दिवाळीला फोन करायची, आई तो न बोलता माझ्या हातात द्यायची.

यंदा मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. एका दुपारी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "बघून येऊ. पण आधी पाय मी टाकणार नाही. ती दारात येऊन बोलावेल तर उतरेन, नाहीतर गाडीतूनच बघून परत."

"मग एसटीने जाऊ, गाडी जरा..."

"एसटीतून उतरावंच लागतं," आई म्हणाली.

म्हणून गाडी.

शनिवारी सकाळी सहाला हडपसर सोडलं. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी आहे, उत्तम आहे, आणि टोलनाके तुम्हाला त्याची अधूनमधून आठवण करून देतात. भिगवणला लोक मासे खायला थांबतात. आम्ही शाकाहारी, म्हणून पाणपक्षी बघायला थांबलो. पक्षी मासे खात होते. टेंभुर्णीला चहा चांगला मिळाला. मोहोळनंतर वास इतका वाढला की आईने खिडकी उघडली आणि पदर नाकाला लावला. 

साडेअकराला सोलापूर ओलांडून अक्कलकोट रोडला लागलो. एमआयडीसीच्या पुढे, टॉवेलच्या कारखान्यांची रांग सुरू होते तिथे, बॉनेटमधून धूर निघाला. एक सायकलवाला बाजूने जाता जाता पाय टेकून थांबला.

"मालक, धूर निघायलाय की."

"दिसतंय."

"सुभाष मिस्त्रीकडं घ्या. फुडं डाव्या हाताला, लिंबाच्या झाडाखाली. पाणी वतू नका."

सुभाष मिस्त्री पन्नाशीचा, सडपातळ, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. त्याने इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं, मग तळहात इंजिनवर एका जागी धरला. रस्त्यावरून कुणी "जय भीम, मिस्त्री" म्हणालं, त्याला डोळे न उघडताच उत्तर दिलं.

"इंजेक्टरच्या बुडाचं वायसर गेलंय. तिसऱ्याचं. आन् टॅपेट कव्हरचं पॅकिंग पार पापड झालंय. तेल गळून गरम पायपावर पडतंय, तवा धूर हाय."

"किती वेळ लागेल?"

"आदी गार होऊ द्या. गरम इंजिनला पाना लावला की आटे जात्यात. तवर चा घ्या."

डिझेल गाडी घेऊन लांब जाणाऱ्यांसाठी, मला त्या दिवशी कळलेलं थोडक्यात सांगतो. प्रत्येक इंजेक्टरच्या तळाशी रुपयाएवढं तांब्याचं वायसर, म्हणजे वॉशर, असतं. ते दमलं की इंजिनमधला गॅस बाजूने वर येतो, जळून डांबरासारखा चिकटतो आणि इंजेक्टर जागेवर घट्ट बसतो. वास आत येतो तो याचाच. वर जे झाकण असतं ते टॅपेट कव्हर. त्याचं रबरी पॅकिंग वर्षानुवर्षं तापून कडक होतं आणि तेल सोडतं. आमच्या गाडीत इंजेक्टर त्या झाकणातूनच खाली जातात, त्यामुळे दोन्ही कामं एकदमच. वायसर स्वस्त असतं. ते वेळेवर न बदलणं महाग पडतं.

आईसाठी मिस्त्रीने खुर्ची आणली, तिच्यावर चादर अंथरली. मी टॅक्सीचं सुचवून पाहिलं. "परक्या ड्रायव्हरसमोर शोभा नको," आई म्हणाली. मग पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि तासाभराने तिने विचारलं, "इथून पुण्याची एसटी कुठे मिळते?"  आत्ता परतलो तर पुढे कधीच येणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मिस्त्रीचं काम बघण्यासारखं होतं. त्याने एका पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक बोल्ट चित्रात त्याच जागी भोक पाडून खोचला. इंजेक्टरवर खडूने एक ते चार आकडे घातले. तिसरा निघेना. त्याच्याभोवती डिझेल ओतून त्याने अर्धा तास तसाच भिजू दिला, मग थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवत वर काढला. खाली बॅटरी मारून जुनं वायसर आत राहिलेलं नाही ना ते पाहिलं. आईही उठून पाहायला आली. तिने नंतर प्रश्न विचारले आणि त्याने सगळ्यांची उत्तरं दिली.

मी मधल्या वेळात शेजारच्या दुकानातून दोन टॉवेल घेतले. सोलापूरला येऊन टॉवेल न घेणं बरं दिसत नाही. गुलाबी, जाड, मऊ.

अडीचला मिस्त्री म्हणाला, "जागा पुसून ठिवल्यात. जेवून येतो. कशाला हात लावू नका."

आता जे लिहितो ते आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. मिस्त्री गेल्यावर, आई खुर्चीत डुलक्या घेत असताना, मी वाकून तिसऱ्या इंजेक्टरच्या भोकात पाहिलं. तळाला एक काळा ठिपका दिसला. वाटलं, एवढ्यासाठी काम अडायला नको. स्क्रूड्रायव्हरला नव्या टॉवेलचा कोपरा गुंडाळला, आत फिरवला, ठिपका निघाला. मला बरं वाटलं. आपणही काही केलं, असं.

मिस्त्री आला, नवी वायसरं घातली, नवं पॅकिंग बसवलं, कोपऱ्यांना सिलिकॉन लावलं आणि जोर मोजून आवळायचा टॉर्कचा पाना घेऊन ठरलेल्या क्रमाने बोल्ट आवळले. सिलिकॉन धरेपर्यंत थांबायला लावलं. पाच वाजता इंजिन सुरू केलं.

फुस. फुस. फुस.

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. इंजिन गार होऊ दिलं आणि तिसरा इंजेक्टर पुन्हा काढला. नवं वायसर चष्म्याजवळ धरलं. त्याच्याखालून चिमट्याने एक बारीक धागा ओढला. गुलाबी.

"मालक, टावेल किती घेतले?"

"दोन."

"दावा बरं."

मी दाखवले. एका कोपऱ्याला काळं लागलं होतं.

"आवो, केसासारखं सूत जरी वायसरखाली घावलं तरी गॅस वर येतोय. हितं गल्लीगल्लीत टावेलाच्या चिंद्या फुकट घावत्यात, लोकं त्येनंच इंजिन पुसत्यात. सोलापुरात माझं निम्मं काम त्येच्यावर चालतंय." मग कपाटातून एक जुनं धुतलेलं धोतर काढून दाखवलं. "ह्येचं सूत निघत न्हाय. पुन्यापास्नं येऊन तुमी आमचीच चूक केली की."

दाबलेलं वायसर पुन्हा चालत नाही, आणि त्याने आणलेली चारच होती. तोवर रात्र झाली होती आणि स्पेअर पार्टचं दुकान बंद होतं. मिस्त्री म्हणाला, ओळखीचा दुकानदार आहे, उद्या रविवार असला तरी सकाळी घरून आणतो.

लॉज जवळच मिळालं, बाराशे रुपये, पंखा चांगला. जेवण मात्र जरूर घ्या: कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. आईने अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाली, "सकाळी अकराची पुण्याची गाडी आहे. मी विचारून ठेवलंय."

मी व्हरांड्यात जाऊन मावशीला फोन लावला. आज पोचत नाही, एवढंच सांगायचं होतं. उद्याचंही नक्की नाही, हे तोंडातून निघून गेलं.

"कुटं हाय गाडी?" मावशीने विचारलं.

सांगितलं. तिने फोन ठेवला.

रविवारी मिस्त्री वायसर घेऊन हजर होता. धोतराच्या तुकड्याने त्याने भोक पुसलं, बॅटरी मारून पाहिलं, पुन्हा पुसलं. मी दहा फुटांवर हात मागे बांधून उभा होतो. आई पिशवी घेऊन खुर्चीत, नजर रस्त्याकडे, म्हणजे एसटीकडे.

साडेनऊला अक्कलकोटकडून आलेली एसटी समोर थांबली. तिथे थांबा नाही. कंडक्टरने खाली उतरून आधार दिला आणि एक बाई दांडा धरून, गुडघा वाकू नये म्हणून पाठमोरी, एकेक पायरी उतरली. हातात डबा. जमिनीवर पाय टेकल्यावर ती जरा वेळ तशीच उभी राहिली, श्वास घेत. मग एका बाजूला झुकत चालायला लागली.

आई उठली. पिशवी खुर्चीतून पडली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती रस्त्यापर्यंत गेली आणि तिने मावशीच्या हातातला डबा काढून घेतला.

"अक्का, ऊट आतेन?" मावशीने विचारलं. जेवलीस का, एवढं कानडी मला येतं.

"न्हाय," आई म्हणाली. पुण्यात मी आईच्या तोंडून चाळीस वर्षांत हे गावाकडचं 'न्हाय' ऐकलं नव्हतं. मी इंजिनमध्ये पाहत राहिलो.

दोघी लिंबाखाली बसल्या. डब्यात हुग्गी होती, गव्हाची गुळातली खीर.  मग मावशी म्हणाली, "गाडीला काय झालंय?"

आईने समोरचं जुनं वायसर उचललं. "ह्ये खराब झालंय. तांब्याचं असतंय. एकदा दाबलं की दुसऱ्यांदा वापरायचं न्हाय. नवंच घालावं लागतंय."

मावशी त्या वायसरकडे बघत राहिली.

"लग्नाच्या घाईत कपाटात हात घातला आन् वरची काढली, अक्का. तूच दिलेली, ह्ये मला चार दिवसांनी कळलं. तवापासनं फोन करतीय."

"मी वायसरचं बोलतीय," आई म्हणाली.

"व्हय. मी साडीचं."

आईने वायसर परत ठेवलं आणि हुग्गीचा डबा मावशीकडे सरकवला. "आदी तू खा."

अकराची पुण्याची एसटी गेली तेव्हा इंजिन सुरू झालं होतं. मिस्त्रीने डोळे मिटून ऐकलं, तळहात धरला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशीची मजुरी त्याने घेतली नाही. टॉवेलवाल्याकडून घेईन म्हणाला.

अक्कलकोटपर्यंत रस्ता चांगला, पुढे मैंदर्गीपर्यंत दोन्ही बाजूंनी ज्वारी आणि मधूनमधून खड्डे. मागच्या सीटवर कानडी चाललं होतं, मला त्यातलं "वायसर" तेवढं कळत होतं. घरासमोर गाडी थांबवली. दारात येऊन बोलावणारी बाई मागे गाडीतच बसलेली होती. आई आधी उतरली, कारण मावशीला हात द्यायला कुणीतरी हवं होतं.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. मावशीचं ऑपरेशन नीट झालं. सोलापूरला जायचं तर आधी बॉनेट उघडून बघा, आणि मिस्त्री जेवायला गेला की तुम्हीही जेवायला जा. प्रवासातून शिकलो ते एवढंच, असं मी लिहिणार होतो.

पण काल संध्याकाळी आई फोनवर बोलत होती. रोजच बोलते. मी बाहेरून आलो तेव्हा म्हणत होती, "आगं, परत तेल गळायलंय गाडीचं. सुभाष मिस्त्रीलाच दावावं लागतंय. हितल्यांना न्हाय जमायचं. येतोच आमी."

मी खाली गेलो, बॉनेट उघडलं, कव्हरच्या कडेने सगळीकडे बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. वर येऊन हात धुतले आणि आईला म्हणालो, खरंच बरंच गळतंय, शनिवारीच निघू.