परत पाठवलेली कोंबडी

नवऱ्याला ठाऊक नाही. पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत तरी सगळं मोकळेपणानं बोलायचं असतं ना—तिथंही मी या गोष्टीला वळसा घालून पुढे सरकते. आज तुम्हाला सांगायला बसलेय.

मी संडे स्कूलची टीचर. सोलापुरातल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये लहान मुलांना देवाच्या गोष्टी सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मध्यंतरी नव्या टीचर मुलींपुढे मला बोलायला उभं केलं. विषय काय, तर मुलांचा विश्वास खरा माना, त्याला पोरखेळ समजू नका. आणि मी बोलले की! हातवारे करून, डोळ्यांत पाणी आणून बोलले. मुली भारावून ऐकत होत्या. मला मात्र सारखी एक कोंबडी दिसत होती.

हसू नका. म्हणजे—हसा हवं तर. सुरुवातीला ही गोष्ट हसण्यासारखीच आहे.

आमच्याकडे हंगामाचा सण असतो. जे पिकलं, जे हाती आलं, त्यातलं पहिलं देवाला द्यायचं. ज्वारीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, ऊस, अंडी, कुणाच्या घरचा केक—सगळं वेदीपुढे मांडतात आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. काय धमाल असते! एका पपईवरून दोन पोक्त माणसं इरेला पेटतात, बायका मागून चढवतात, पोरं आरडाओरडा करतात. मला तर अजूनही त्या दिवशी सकाळी घास उतरत नाही, इतकी उत्सुकता असते.

त्या वर्षी वस्तू गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. फाटकाशी उभी होते, तेवढ्यात सलोमी धावत आली. माझ्या वर्गातली, आठेक वर्षांची. चर्चच्या मागच्या बोळात मायलेकी दोघीच राहायच्या. आई दवाखान्यात आया होती, त्या दिवशी तिची ड्यूटी होती. सलोमीच्या छातीशी एक कबरी कोंबडी. तिची राणी. ही पोर राणीला घेऊन अभ्यास करायची, राणीला बायबलची वचनं पाठ म्हणून दाखवायची—सगळ्या वर्गाला माहीत होतं.

"टीचर, बगा! देवाला आणली!"

"आईला विचारलंस?"

"व्हय. आई म्हणली, तुजी हाय, तूच ठरीव."

"अगं, पण तुला करमेल का हिच्याशिवाय?"

"न्हाय करमणार," ती म्हणाली आणि चक्क हसली. "लई आवडती हाय की! म्हणून तर आणली."

उड्या मारत होती हो ती! असा आनंद मी मोठ्या माणसाच्या तोंडावर, अगदी चर्चमध्येसुद्धा, क्वचितच पाहिलाय. आणि हे तिच्या डोक्यात घातलं कुणी? मीच. आदल्या रविवारी मी वर्गात रंगवून रंगवून सांगितलं होतं—देवाला उरलंसुरलं द्यायचं नाही, सगळ्यात लाडकं असेल ते द्यायचं.

आता पुढचं. थांबा, सांगते.

उपासना चालू होती. शेवटचं गीत सुरू झालं तशी मी मागच्या दारानं बाहेर पडले. सगळ्या कोंबड्या नळाजवळ पाय बांधून ठेवल्या होत्या. राणीला सोडलं, पदराखाली घेतलं आणि बोळातून जवळजवळ पळत सलोमीच्या घरी गेले. दाराला कुलूप. अंगणात डालगं होतं, त्याखाली तिला झाकलं आणि परत आले. वाटेत तिनं मनगटाला चोच मारली होती, ती जागा चुरचुरत होती. कुणीही पाहिलं नाही.

लिलाव झाला. सलोमी पहिल्या रांगेत, टाचा उंचावून. प्रत्येक वस्तू पुकारली की माझ्याकडे वळून बघायची—आता राणी ना? आता? शेवटचा ऊससुद्धा गेला. मग ती माझ्याकडे आली आणि मी खाली वाकून, गोड आवाजात म्हणाले, "सलोमी, देवानं तुझी राणी तुलाच परत पाठवलीय. घरी जाऊन बघ."

मला वाटलं, नाचेल. ती नाचली नाही.

"का? त्याला नको व्हती?"

काय म्हणायचं होतं मी? काहीही चाललं असतं. पण मी घाईत होते, लोक हाका मारत होते. "हो गं," म्हणाले, "त्याला नको होती."

"कशावरून?" असं तिनं विचारलं नाही. टीचरनं सांगितलं म्हणजे देवानंच सांगितलं. मान हलवली आणि हळूहळू चालत घरी गेली.

मी स्वतःला सांगत आले की मी दया केली. पोर रात्री रडली असती, पुढच्या रविवारी आलीच नसती, मुलांचं काय, आज देतात आणि उद्या मागतात. किती छान कारणं! पण खरं सांगू? त्या दिवशी मीही एक वस्तू आणली होती. मोठा थोरला लाल भोपळा. मंडईतून घेतलेला, आणि लोकांना सांगितलं, करकंबच्या आमच्या शेतातला. पाळकसाहेबांनी कौतुक केलं, मी लाजून हसले. त्या भोपळ्याशेजारी मला ती कोंबडी सहन होईना. जे मी वर्षानुवर्षं शिकवत होते, त्यावर माझा स्वतःचा काडीचाही विश्वास नव्हता—आणि एका पोरीनं ते खरं मानलं, त्याची मला चीड आली. हो, चीडच. आठ वर्षांच्या पोरीची.

सलोमी येत राहिली. गीतं म्हणायची, वचनं पाठ करायची, सगळ्यांत पुढे असायची. फक्त हंगामाच्या सणाला रिकाम्या हातानं यायची. दर वर्षी. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. विचारलं का? नाही.

आता ती जुळे सोलापूरला राहते. नवऱ्याच्या मागे गाडीवर बसून येते, पदरी चार वर्षांची मुलगी आहे. यंदाच्या सणाला मी वेदीपुढे टोपली धरून उभी होते. काय गर्दी, काय उत्साह! रांगेत त्या दोघी आल्या. मुलीच्या मुठीत गॅलरीतल्या कुंडीत आलेलं एक वांगं होतं, बोटाएवढं. ऐनवेळी ती बुजली, आईच्या मागे लपली. "मम्मी, तू दे ना."

सलोमी खाली बसली आणि तिच्या कानाशी, पण मला स्वच्छ ऐकू येईल असं म्हणाली, "न्हाय बाळा, तूच दे. माझं घेत न्हाय तो. तुझं घेईल."

रागानं नाही. हसत. आज ऊन फार आहे म्हणावं, तसं.

मुलीनं वांगं टोपलीत टाकलं. मी तिच्या गालाला हात लावला. सलोमी उभी राहिली, माझ्याकडे बघून ओळखीचं हसली—हातभर अंतरावर होती.

मी म्हणाले, "पुढे सरका, मागं रांग आहे."