नांगीवरचे टाके

चिंचवडच्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला होतो आणि आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा ठाम समज होता. बायको रत्नागिरीकडची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली आणि परतली ती बिस्किटांच्या डब्यात शंखातले दोन खेकडे घेऊन. मी हबकलोच. त्यातला एक तिने सातवीत असताना किनाऱ्यावरून आणून पाळलेला. दुसरा त्याला जोडीला म्हणून भावाने निघायच्या दिवशी धरून दिलेला. आमच्या दोन खोल्यांत एका घमेल्यात वाळू आली, खोबऱ्याचा तुकडा, मिठाच्या पाण्याची वाटी आणि अंग वाढलं की बदलायला म्हणून चार रिकामे शंखही आले. घाटावर तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मी फर्स्ट शिफ्टला गेलो की ती त्या जुन्या खेकड्याशीच बोलत बसायची, असं शेजारीण सांगे.

मला दोघे एकसारखेच दिसत. पण कबूल कोण करणार? आमच्याकडे पास झालेल्या मालावर हिरवा ठिपका आणि नापास झालेल्यावर लाल ठिपका देत. मी रंगाच्या दोन बाटल्या आणल्या आणि तिच्या जुन्याच्या शंखावर हिरवा, नव्याच्या शंखावर लाल ठिपका दिला. ती हसली आणि भाकरी थापायला गेली. तिच्या हसण्याचा अर्थ विचारावा, असं काही मला सुचलं नाही.

पुढे माझ्याच खात्यातल्या दापोडीच्या एका मित्राला खेकडा पाळायची हुक्की आली. नवा द्यायला हरकत नाही, असं ती म्हणाली. तो न्यायला आला तेव्हा ती रॉकेलच्या रांगेत होती. मी रुबाबात लाल ठिपक्याचा उचलून दिला. ती परतली, घमेल्यात डोकावली आणि तिथेच खाली बसली. दोघांनी आपसांत शंख बदलले होते. हिरव्या ठिपक्याच्या शंखात नवा बसला होता आणि तिचा जुना दापोडीला गेला होता.

ती रडली नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. उरलेला खेकडा तिने माझ्यासमोर धरला. घाबरला की तो आत शिरून डावी मोठी नांगी दारासारखी लावून घेई. तिने मला ती नांगी दाखवली.

"ही गुळगुळीत आहे. माझ्याच्या नांगीवर वरच्या अंगाला तिरपे उंचवटे आहेत, गोधडीच्या टाक्यांसारखे. जातच वेगळी आहे ती. रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. तुम्ही खूण केलीत, पण बघितलं कुठे?"

मी म्हटलं, आपण दोघं जाऊन आणू.

"तुम्ही दिलात, तुम्हीच आणा."

रविवारी नवा डब्यात घालून दापोडीला गेलो. मित्राने बादली पुढे केली. आत एकाऐवजी पाच खेकडे होते. त्याचा मेहुणा कोकणातून आणखी चार घेऊन आला होता. लाल ठिपक्याचा शंख समोरच फिरत होता. हात आपोआप तिकडे गेला. उलटा करून पाहिला, तर नांगी गुळगुळीत.

"कुठलाबी घ्या राव, सगळे सारखेच हायेत," मित्र म्हणाला. तोही इन्स्पेक्शनचाच.

मी खिडकीपाशी उजेडात बसलो. एकेक उलटा करायचा, तो दार लावून घेईपर्यंत थांबायचं आणि नांगी निरखायची. चौथा एका साध्या करड्या शंखात होता. त्याच्या नांगीवर बारीक, तिरपे, एकाखाली एक सात टाके. मी पुन्हा मोजले. मग पाचवाही पाहिला, कारण आता माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. तो गुळगुळीत निघाला. नवा बादलीत सोडला आणि टाकेवाला घेऊन निघालो. परतीच्या बसमध्ये डब्यातून चिरचिर ऐकू येऊ लागली आणि शेजारचे गृहस्थ सरकून बसले.

घरी तिने खेकडा उजेडात धरून पाहिला. मी परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा उंबऱ्यात उभा होतो.

"हाच," ती म्हणाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तशी ती खाली बघत हळूच म्हणाली, "मी ठरवलं होतं, तुम्ही चुकीचा आणलात तरी हाच म्हणायचं."

आमच्या लग्नाला तोवर वर्ष होऊन गेलं होतं. पण लग्न झाल्यासारखं मला वाटलं ते त्या संध्याकाळी.